मिलिंदची बाद फेरी

काही टीमकडे कप जमतात, आमच्याकडे किस्से जमले. ढाणकीच्या आमच्या बास्केटबॉल टीमचं कपाट उघडून पाहिलंत तर त्यात हवा भरायचे दोन बिघडलेले पंप, एक फाटकं जाळं आणि सहभागाच्या प्रमाणपत्रांचा गठ्ठा निघेल. पण चहाच्या टपरीवर कुणी नुसतं "ती यवतमाळची मॅच आठवते का?" एवढं म्हणू दे, तासभर माणूस हलत नाही. एक किस्सा संपायच्या आत दुसऱ्याला तिसरा आठवलेला असतो.

बहुतेक किस्से मीच सांगतो, कारण ते मी फार चांगल्या जागेवरून पाहिलेत. मी बाकावर असतो. नाव गजानन, गावात माझं कृषी केंद्र आहे, जर्सी तेरा नंबर, टीममध्ये बारा वर्षं. लीगच्या सामन्यात आम्ही भरपूर पुढे असलो की शेवटची दोन मिनिटं मला आत पाठवतात. नॉकआऊटमध्ये, म्हणजे बाद फेरीत, अकरा वर्षं कुणी माझ्याकडे पाहिलंही नव्हतं. आणि बाकावर तरी मला कुठे बसवतं? आधी एक पाय हलायला लागतो, मग दुसरा, मग मी उठून कोर्टाभोवती फिरायला लागतो. पंचांनी मला आजवर दोनदा ताकीद दिलीय. दोन्ही वेळा मी खेळत नव्हतो!

* * *

हे सगळे किस्से ज्याच्यामुळे झाले तो मिलिंद. वीज कंपनीत लाईनमन आहे. वादळात तार तुटली तर लोक घराची दारं लावून बसतात आणि हा खांबावर चढून वरून विचारतो, "आली का बे लाईट?" असा माणूस.

दर वर्षी यवतमाळला जिल्ह्याची खुली स्पर्धा होते. आधी लीगचे सामने, पुढच्या आठवड्यात बाद फेरी. लीगमध्ये मिलिंदला अडवायला दोन माणसं लावा, तीन लावा, फरक पडत नाही. एकदा वणीच्या टीमचे कोच मॅच संपल्यावर त्याच्यासोबत सेल्फी काढायला आले होते. हरलेल्या टीमचे कोच! आणि आठवड्यानं तोच मिलिंद नॉकआऊटला उभा राहिला की चेंडू रिंगला सोडून बाकी सगळीकडे जायचा. अकरा वर्षांत आम्ही पहिल्या नॉकआऊटच्या पुढे गेलो नाही. पुसदच्या एका पोरानं त्याचं नाव "लीगचा वाघ" ठेवलं आणि ते जिल्हाभर झालं.

ते नाव त्याच्या मुलीच्या शाळेपर्यंत पोचलं. तिनं घरी येऊन विचारलं, बाबा, लीगचा वाघ म्हणजे काय? मिलिंदनं तिला सांगितलं की चांगलंच म्हणतात ते. हे त्यानंच मला दुकानात येऊन सांगितलं आणि मग बराच वेळ बियाण्यांच्या पाकिटांवरची माहिती वाचत उभा राहिला. त्याला शेतीच नाही. मला फार वाईट वाटलं त्या दिवशी.

यंदा उमरखेडच्या डॉक्टरनं त्याचा गुडघा पाहून हा शेवटचा सीझन असं सांगितलं. मिलिंद टीमला म्हणाला, "कप गिप नको मले. एक नॉकआऊट जिंकाचा आहे. एकच."

* * *

आता आमचं कोर्ट. बाजार आवाराच्या मागे सिमेंटचं आहे, चांगलं आहे, पण ढाणकीत चांगलं सिमेंट मोकळं राहत नाही. स्पर्धा नेमकी सोयाबीनच्या दिवसांत. त्यामुळे महिनाभर कोर्टाच्या उजव्या अर्ध्या भागावर व्यापाऱ्याचं सोयाबीन वाळत असतं आणि डाव्या अर्ध्या भागावर आम्ही असतो. चेंडू सोयाबीनमध्ये गेला की नियम ठरलेला, पायातलं काढायचं आणि मगच दाण्यावर पाय ठेवायचा. ते कुणी शिकवलेलं नाही. धान्यावर बूट घालून जायचं नसतं, एवढं आमच्याकडे लहान लेकरालाही कळतं.

तर एका वर्षी यवतमाळला नॉकआऊटमध्ये शेवटच्या पाच मिनिटांत सामना बरोबरीत होता. चेंडू कुणाच्या तरी हातून सुटला आणि घरंगळत उजव्या बाजूला निघाला. जवळ फक्त मिलिंद. समोर कुणी नाही, रिंग मोकळी. मिलिंद सुसाट धावला, मधल्या रेषेपाशी आला आणि गचकन थांबला. मग खाली वाकला आणि बुटाच्या लेसला हात घातला.

समोरच्या टीमच्या पोरानं चेंडू उचलला आणि निवांत बास्केट केली. मिलिंदला बोलायची मात्र कुणाची हिंमत झाली नाही, कारण त्याच्या मागून धावणारे आमचे आणखी दोघं त्याच रेषेवर थांबले होते. एकानं तर एक बूट काढलाही होता.

आमचे राठोड सर, म्हणजे कोच, शाळेतून पीटीचे शिक्षक म्हणून रिटायर झालेले. परतताना जीप आर्णीला थांबली. चहा आला तेव्हा ते म्हणाले, "लीगमध्ये डोकं खेळते. नॉकआऊटमध्ये डोकं घरी राह्यते, पाय एकटेच येतात."

ही पहिली थिअरी. मग थिअऱ्यांचा पूरच आला.

* * *

ढाणकी ते यवतमाळ सकाळची तीनेक तासांची जीप. त्यात आठ खेळाडू, एक कोच, आणि प्रत्येकाकडे मिलिंदसाठी एक सल्ला. एकानं सांगितलं रिंगकडे बघू नको, चेंडूकडे बघ. दुसरा म्हणाला चेंडूकडे अजिबात बघू नको. मी सांगितलं की केळं खा. महागाव येईपर्यंत मिलिंदचा चेहरा उतरला होता. तिथे जीप थांबली तसा तो उतरला आणि समोर उभ्या असलेल्या यवतमाळ एसटीत जाऊन बसला.

आम्ही म्हटलं बरं झालं, शांतपणे येईल. यवतमाळला स्टँडवर तो उतरला तेव्हा चेहरा जीपमध्ये होता त्याहून वाईट. कंडक्टर पुसदचा होता आणि कॉलेजमध्ये बास्केटबॉल खेळलेला होता.

* * *

मिलिंदची बायको सुजाता. तिचं म्हणणं वेगळं. ती म्हणाली की तुम्हीच त्याला बिघडवता. एरवी त्याला लेका, गाढवा म्हणता, आणि नॉकआऊट आला की त्याची बॅग उचलता, त्याला पुढच्या सीटवर बसवता, जेवला का म्हणून विचारता. माणूस घाबरणार नाही तर काय? नॉकआऊटच्या दिवशी आपण तरी त्याला रोजच्यासारखंच वागवणार, असं तिनं जाहीर केलं.

मला हे पटलं. खरंच सांगतो, बारा वर्षांतली ती एकच थिअरी मला पटली.

मॅचच्या दिवशी सकाळी सहाला तिनं मिलिंदला ज्वारीचं दळण घेऊन गिरणीत पाठवलं. तो दळण एका हातात आणि खेळाचे कपडे दुसऱ्या हातात घेऊन निघाला, म्हणजे गिरणीतून परस्पर जीपवर येता येईल आणि पीठ वाटेत कुणाच्या तरी हाती घरी धाडता येईल. आता इथे माझी एक चूक आहे ती कबूल करतो. बियाणं घेणाऱ्याला माझ्या दुकानातून कापडी पिशवी फुकट मिळते. हिरवी, वर दुकानाचं नाव. ढाणकीत दर घरात चार आहेत. मिलिंदचं दळण माझ्या पिशवीत होतं आणि खेळाचे कपडेही माझ्याच पिशवीत होते.

यवतमाळला त्यानं पिशवी उघडली तर आत पीठ. कपडे ढाणकीला पोचले होते, त्याच्या घरी, स्वयंपाकघरात.

नंबरची जर्सी नसेल तर उतरता येत नाही. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझी जर्सी काढून दिली आणि बनियनवर बाकावर बसलो, मांडीवर पाच किलो ज्वारीचं पीठ. मिलिंद तेरा नंबर घालून खेळला आणि माझ्यासारखाच खेळला. दुसऱ्या हाफमध्ये हाताला घाम येतो म्हणून तो दर दोन मिनिटांनी बाकाकडे यायचा आणि पिठात हात घालून जायचा. चेंडू इतका पांढरा झाला की पंचांनी तो बदलायला लावला. मला वाटलं आपण काहीतरी करावं, निदान उठून फिरावं, पण सर म्हणाले, "तू पीठ सांभाळ."

सुजाताला संध्याकाळी मी स्वतः पिशवी नेऊन दिली. तिनं पिशवीचं तोंड उघडून आत पाहिलं, निकाल विचारलाच नाही. एवढंच म्हणाली, "दोन भाकरीचं कमी आहे."

* * *

पुढचा किस्सा मी टपरीवर सांगत नाही. त्यात मी आहे.

एका वर्षी पावसामुळे लीगचे एक-दोन सामने वाहून गेले होते. सरांना यातून युक्ती सुचली. मिलिंदला सांगायचं की आजची मॅच नॉकआऊट नाही, पावसानं राहिलेली लीगचीच आहे. मिलिंद वेळापत्रक कधी पाहत नाही, त्यामुळे त्याला संशय यायचं कारण नव्हतं. सगळ्या टीमनं शप्पथ घेतली. एकच धोका होता, माईकवाला. तो मधेमधे सामन्याबद्दल बोलत असतो. त्याच्याजवळ कुणीतरी बसायचं, त्याला बोलण्यात गुंतवायचं, चहा पाजायचा, आणि तोंडून "बाद फेरी" हा शब्द निघू द्यायचा नाही. हे काम कुणाला? जो खेळत नाही त्याला.

मी बसलो. पहिल्या हाफमध्ये मिलिंद असा खेळला की काय सांगू. समोर दिग्रसची तगडी टीम होती, तिची पार दैना केली त्यानं. हसत होता, पंचांशी गप्पा मारत होता. आम्ही चौदा पॉइंटांनी पुढे. माईकवाला माझ्या शेजारी चिवडा खात होता आणि त्याच्या मुलीच्या लग्नाचं सांगत होता. मी हूं हूं करत होतो आणि माझा पाय हलत होता.

तिसरा क्वार्टर सुरू झाला आणि मला बसवेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही नॉकआऊट जिंकत होतो आणि मी खुर्चीवर! म्हटलं एकच फेरी मारतो, कोर्टाला एक चक्कर, लगेच येतो. मी पलीकडच्या टोकाला पोचलो असेन नसेन, तोच माईक खरखरला. "बाद फेरीच्या या अत्यंत चुरशीच्या सामन्यात..."

मिलिंदच्या हातात चेंडू होता. त्यानं तो तसाच धरला आणि बाकाकडे पाहिलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग त्यानं माझी रिकामी खुर्ची पाहिली.

त्यानंतर त्याची एकही बास्केट झाली नाही. आम्ही तीन पॉइंटांनी हरलो. परतताना तो जीपमध्ये माझ्याच शेजारी बसला होता आणि मला वाटत होतं की त्यानं मला दोन शिव्या द्याव्यात. त्यानं केळं सोललं, अर्धं मला दिलं. ते अर्धं केळं माझ्या घशाखाली अजून उतरलेलं नाही.

* * *

मिलिंदची आई रोज सकाळी बुद्धविहारात जाऊन बसते. तिचं म्हणणं, मन चळतं म्हणून हात चळतो. श्वासाकडे बघायचं, आत येणारा, बाहेर जाणारा, बाकी जगात काही नाही. गेल्या वर्षी तिनं मिलिंदला दोन महिने पहाटे शेजारी बसवलं. मिलिंदही मनापासून बसला. आम्ही पाहायचो, माणूस खरंच निवांत झाला होता. मला हेवा वाटायचा, मला दोन मिनिटं मांडी घालून बसवत नाही.

नॉकआऊटला त्याला दोन फ्री थ्रो मिळाले, म्हणजे रेषेवर उभं राहून कुणी न अडवता टाकायचे दोन चेंडू. तो रेषेवर उभा राहिला. डोळे अर्धे मिटले. खांदे सैल. सरांनी माझं मनगट धरलं. मिलिंदचा श्वास आत गेला, बाहेर आला, आत गेला, बाहेर आला.

पंचांनी शिट्टी फुंकली. फ्री थ्रो पाच सेकंदांत टाकावा लागतो. दुसऱ्या थ्रोलाही तेच झालं.

घरी आईनं विचारलं, "मन शांत झालतं का बाबू?"

"झालतं," मिलिंद म्हणाला.

"मंग झालं तर," आई म्हणाली आणि त्याला वाढायला उठली.

* * *

आणि यंदाचं. त्याचा शेवटचा सीझन.

कुणीही त्याला काही सल्ला द्यायचा नाही असं ठरलं होतं. आठपैकी दोघं आलेच नव्हते, शेतात मळणीयंत्र आलं होतं आणि ते पुन्हा कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. आम्ही सहा. समोर पुसद, ज्या टीमनं त्याचं नाव ठेवलं तीच. मिलिंदच्या गुडघ्याला पट्टा होता. त्याचे चेंडू नेहमीसारखे रिंगच्या आजूबाजूला पडत होते, पण बाकीचे जीव तोडून खेळले आणि शेवटची मिनिटं आली तरी आम्ही फक्त एका पॉइंटानं मागे होतो. मी कोर्टाभोवती एवढ्या चकरा मारल्या होत्या की माझी पोटरी भरून आली होती.

तेवढ्यात आमच्या एकाचे पाच फाऊल झाले. तो बाहेर. सरांनी बाकाकडे पाहिलं. बाक रिकामा होता, मी पलीकडे फिरत होतो. त्यांनी मला हाक मारून बोलावलं, माझ्या जर्सीचा गळा उगाच सारखा केला आणि म्हणाले, "गजानन, तू फक्त रिंगखाली उभा राहा. काही करू नको."

मी जाऊन उभा राहिलो. बारा वर्षांतला पहिला नॉकआऊट. नऊ सेकंद उरले होते. चेंडू मिलिंदकडे आला. पुसदचे दोघं त्याच्या अंगावर धावले, आणि मग मला राखणारा तिसराही धावला. का नाही धावणार? माझ्याकडे कोण लक्ष देतं? मिलिंदनं उडी मारली. सगळ्या मैदानाला वाटलं, मलाही वाटलं, की हा टाकतोय. त्याला एकच नॉकआऊट जिंकायचा होता आणि तो त्या क्षणी त्याच्या हातात होता.

त्यानं चेंडू माझ्याकडे दिला.

इतका सरळ, इतका छान पास मला आयुष्यात कुणी दिला नव्हता. छातीशी आला. आजूबाजूला दोन हात कुणी नाही. रिंग डोक्यावर. तिथून मी सरावात रोज टाकतो, डोळे मिटून टाकतो. मी चेंडू घट्ट धरला आणि वर पाहिलं.

मग भोंगा वाजला. चेंडू माझ्या हातातच होता.

पुसदची पोरं नाचायला लागली. सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मी तसाच उभा. मिलिंद लंगडत माझ्याकडे आला, आणि मला वाटलं आता हा मला मारेल, मारलं तर फार बरं होईल. त्यानं माझी बोटं चेंडूवरून एकेक करून सोडवली. मीच सोडली असती, पण सुटत नव्हती. चेंडू बगलेत घेऊन तो अगदी माझ्या कानाशी आला.

"रिंग कोणीकडे सरकली?" त्यानं हळू आवाजात विचारलं. आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"वर," मी म्हणालो. "वर गेली."

मिलिंदनं थोडा विचार केला.

"माही डावीकडे जाते," तो म्हणाला.